गोड देऊ नये – हुकुमावरून

“तुम्हाला विचारलं कोणी?” एवढंसं हे वाक्य मी दीड वर्ष जिभेवर धरून बसले होते. ते एकदाही बाहेर पडलं नाही. मी शाळामास्तरांची बायको, त्यातून बी. ए., त्यातून भाडेकरू. या तीन गोष्टी ज्या बाईच्या ठिकाणी एकत्र येतात, तिला रागावण्याची सोय नसते. ती फक्त “हो का?” म्हणू शकते. या दीड वर्षात मी इतक्यांदा “हो का?” म्हटलं आहे, की आमच्या घरमालकांचा पोपटही आता तेच म्हणतो.

गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच राहायचं आहे. नेरहून यवतमाळला जाताना ज्या फाट्यावर मोटारीतली माणसं चहाला उतरतात आणि बशीत फुंकर घालता घालता एकमेकांच्या आजारांची चौकशी करतात, ते आमचं गाव.

माझी मुलगी छबू पाच वर्षांची आहे आणि तिला मधुमेह आहे. हे वाक्य लिहून मी पुढे जाणार होते, पण आमच्या गावात या वाक्याच्या पुढे कोणाला जाताच येत नाही. “लेकराले कुठं होते व मधुमेह? तो तं शेटजी लोकायले होते, गादीवर बसून बसून.” असं म्हणून लोक छबूकडे अशा नजरेनं पाहतात, की ही पोर गुपचूप कुठे तरी गादीवर बसत असली पाहिजे.

रोज सकाळी तिला सुई टोचायची. त्याआधी परीक्षा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात तिच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर ठीक, पिवळं झालं तर काळजी, आणि विटकरी झालं तर त्या दिवशीचं माझं जेवण गेलं. ही परीक्षा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी करते, कारण उजेड तिथेच आहे. त्या खिडकीसमोर नंदाबाईंचं अंगण आहे. नंदाबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. खिडकीही त्यांचीच, त्यामुळे तिच्यातून पाहण्याचा हक्कही त्यांचाच.

“आज काय निघालं व, मास्तरीणबाई?”

“हिरवं.”

“काल बी हिरवंच होतं. भाजी काहून बदलत नाही?”

मी बी. ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. त्याचा संसारात एकच उपयोग झाला: समोरचा माणूस नेमका कोणत्या पायरीवर घसरला हे मला कळतं. त्याला तिथून उचलायचं कसं, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

सल्ल्यांबद्दल सगळं लिहायचं तर वही पुरणार नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, बिजाच्या झाडाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी. यांच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, सूर्यनमस्कार. मी म्हटलं, हो का. हे सगळं मी सोसलं. कारल्यानं पोर मरत नाही. पण नंदाबाई एकदा छबूची मांडी उघडी करून, सुयांचे डाग शेजारणीला दाखवत म्हणाल्या, “पोरीची जात हाये बाप्पा. उद्या पाहाले येतीन त्यायले काय सांगान? यापरीस सुया बंद करा, देव काय ते पाह्यते.” त्या दिवशी मी घरात आले आणि तांब्याचा हंडा चिंचेनं इतका घासला, की त्यात तोंड दिसायला लागलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: सुई बंद केली तर पंधरा दिवस. पुढे देवाला पाहायला काही उरलं नसतं.

आणि खरी भीती उपायांची नव्हतीच. भीती होती दयेची. “अवं, एका पेढ्यानं काय होते? तोंड तं पाहा लेकराचं!” असं म्हणून गल्लीतली प्रत्येक बाई छबूच्या मुठीत काही तरी कोंबायची. मी फ्रॉकचे खिसे शिवून टाकले. मग ती चड्डीत लपवायला लागली. चार दिवस ओळीनं नळी विटकरी. पाचव्या दिवशी मी तिच्या वेणीतून रेवडी काढली.

या गोष्टीत एक लालीबाईही आहे. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, जंगलातला मध आणि डिंक विकायला बाजारात बसते. अंगावर आरशांची चोळी, म्हणजे कांचोळी, हातभर बांगड्या, आवाज बैलाला हाक मारण्याइतका. तिनं एकदा मला विचारलं होतं, “छोरीले काय झालं व बाई?” मी म्हटलं, “मधुमेह.” तिनं मान हलवली. पुढच्या बाजाराला ती मधाची बाटली घेऊन दारात हजर.

“कशाला?”

“तूच म्हटलं नं, मधूचा मेह. मध कमी पडला म्हून झाला. माह्यावाला मध असली हाये, झाडावरचा.”

मी तिला मेह म्हणजे लघवीचा रोग, हे समजावून सांगितलं. पाऊण तास. शब्दाची फोड केली, संस्कृत सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हो नं. म्हंजे मध त्यात हाये तं खरा.” त्यानंतर दर बाजाराला ती दारात उभी राहायची: “बाई, पोरीच्या मधाचं काय केलं?” आणि दर बाजाराला मी दार लावायचे. सगळ्या सल्लागारांत फक्त तिच्याच तोंडावर मी दार लावू शकत होते. तिचं घर भाड्यानं घेतलेलं नव्हतं ना.

तर पाटी. पाटीची कल्पना माझीच, हे आधीच कबूल करते. रेवडी सापडली त्याच दुपारी मी अब्दुल गनींच्या सायकलच्या दुकानी गेले. शिक्षण बेताचं असलं तरी अक्षर सुरेख, म्हणून गावातल्या सगळ्या पाट्या तेच रंगवतात. मी म्हटलं, “गनीभाई, पत्र्याचा वीतभर तुकडा घ्या, भोक पाडा आणि लाल रंगानं लिहा: गोड देऊ नये. छबूच्या गळ्यात बांधायची आहे.”

संध्याकाळी पाटी आली. वर लाल अक्षरांत ‘गोड देऊ नये’ आणि खाली, थोड्या लहान अक्षरांत, ‘हुकुमावरून’.

“हे काय?”

“जागा उरली होती, बाई. आन् बिना हुकुमाचा बोर्ड लोक मानत नाई. तो पाण्याच्या टाकीवर ‘थुंकू नये’ मीच लिवला. आधी लोक थुंकतच व्हते. ‘हुकुमावरून’ लिवलं तवापासून जरा बाजूले थुंकतेत.”

पैसे त्यांनी घेतले नाहीत, त्यामुळे शब्द खोडायला सांगता येईना.

आणि पाटी चालली हो! छबूला ती दागिन्यासारखी आवडली. गल्लीतले हात आखडले. दुसऱ्या आठवड्यात नळी निळी राहिली. तीन दिवस निळी! नंदाबाईंनी खिडकीतून विचारलं, “काय निघालं?” मी म्हटलं, “निळं!” त्या म्हणाल्या, “सर्दी झाली असन तिले.” पण मला राग आला नाही. दीड वर्षातले राग न येण्याचे तेच तीन दिवस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी गावाला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी मला दोन सूचना दिल्या होत्या. पहिली, हिला गोड द्यायचं नाही. दुसरी, सुई घेतल्यावर ही वेळेवर जेवली नाही तर अंगातली साखर एकदम उतरेल. घाम येईल, हात कापतील, भलतंच बोलेल. तेव्हा क्षणही न दवडता तोंडात साखर घालायची. उशीर झाला तर पोर हातची जाईल. म्हणून साखरेची पुडी माझ्या पदराच्या गाठीला कायम बांधलेली. पहिली गोष्ट गावाला पटवता पटवता मी इतकी थकले, की दुसरी सांगितलीच नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? ‘साखर विष आहे’ हे पटवायला वर्ष गेलं होतं.

त्या साली साखर कार्डावर होती. महिन्याची साखर रामलालच्या दुकानातून मिळायची. पुढच्या महिन्यात कार्ड घेऊन गेले, तर रामलालनं हात जोडले.

“तुमची साखर बंद हाये, बाई.”

“कोणी केली?”

“हुकूम हाये नं. पोरीच्या गळ्यात सोताच घालून फिरवता, आन् मले इचारता? उद्या तपासनीस आला तं माह्यं दुकान जाईन.”

गूळ मागितला, तोही देईना. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, “नेरहून आणतो.” यांचं ‘आणतो’ हे क्रियापद व्याकरणात भविष्यकाळी असलं, तरी आमच्या घरात ते काळाच्या पलीकडचं आहे. मी नंदाबाईंना विचारलं, थोडी साखर उसनी द्याल? त्या म्हणाल्या, “तुमाले कायले पाह्यजे साखर? तुमच्यात तं चालत नाही!” आणि वर, आमच्या वाटची साखर आता कोणाला मिळणार, हेही विचारून घेतलं.

शेवटी पदराच्या गाठीतल्या चार चमच्यांवर येऊन ठेपलं, तेव्हा मी पुरवठ्याच्या कारकुनाकडे गेले. त्यांचं नाव हरिसिंग. ते बाजाराच्या दिवशी चावडीच्या ओसरीवर टेबल टाकून बसत. त्यांनी अर्ज वाचला आणि शेरा मारला: ‘रोगी समक्ष हजर करावा.’ म्हणून पुढच्या बाजाराला छबूला सुई आणि न्याहारी देऊन, जेवणाची भाकरी डब्यात बांधून, पाटीसकट तिला घेऊन मी ओसरीवर गेले. नऊला गेले. साडेअकराला नंबर लागला.

“पाटी कोणी लावली?”

“मी.”

“हुकूम कोणाचा?”

“कोणाचाच नाही. जागा उरली होती म्हणून रंगवणाऱ्यांनी लिहिलं.”

हरिसिंगांनी चष्मा काढला. “म्हणजे हुकूम नसताना हुकूम लिवला? बाई, हे भारी होते. जबाब घ्यावा लागन.”

जबाब सुरू झाला. मी छबूला डबा उघडून दिला आणि पायरीवर बसवलं.

“आता सांगा. साखर पोरीले द्यायची का नाही द्यायची?”

“द्यायची नाही. पण घरात असली पाहिजे.”

“काहून?”

“द्यावी लागली तर.”

“म्हणजे द्यायची.”

“एरवी नाही. ती खाली गेली तर.”

“कुठून खाली गेली तं?”

मी समजावून सांगितलं. ते लिहीत राहिले. मग मला वाचून दाखवलं: “अर्जदार म्हणते की साखर विष आहे, सबब औषध म्हणून द्यावी.” ते माझ्याकडे पाहत म्हणाले, “बाई, रकाना एकच हाये. हो, नाहीतं नाही. तुमी शिकेल हा, तुमीच सांगा काय लिवू.”

मी सही कुठे करायची हे पाहत होते. तेवढाच वेळ छबूवरची माझी नजर हलली. दीड वर्षात तेवढाच वेळ.

“आई,” छबू म्हणाली, “ती बकरी माझ्याकडे बघून हसते.”

मला हसू आलं. बकरी खरंच हसल्यासारखी दिसत होती, कारण ती छबूची भाकरी खात होती. मग छबू म्हणाली, “तिचे दात आईचे आहेत.” मी वळून पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे दाणे होते, आणि बोटं पाटीच्या सुतळीवर तटतट वाजत होती. साडेबारा वाजून गेले होते.

मी पदराची गाठ सोडायला लागले. ती सुटेना, दातानं सोडली. पुडी उघडली, तोच माझं मनगट कोणी तरी घट्ट धरलं. नंदाबाई! भाजीची पिशवी टाकून धावत आल्या होत्या.

“अवं, अवं, मास्तरीणबाई! काय करून राह्यल्या? साखर?”

“सोडा! तिला हवी आहे!”

“तिले तं हवीच असन. लेकरू हाये ते. तुमी तं शहाण्या हा नं?”

मी हिसका दिला. पुडी फाटली. अर्धी साखर धुळीत गेली, अर्धी हरिसिंगांच्या रजिस्टरवर. मी टेबलावर झेप घेतली. हरिसिंग सरकारी कागदाच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं. साखर आत.

लोक जमले. कोणी तरी छबूच्या गळ्यातली पाटी उचलून मोठ्यानं वाचली: “गोड देऊ नये.” दुसऱ्यानं पुरं केलं: “हुकुमावरून.” मी समोर रामलालच्या दुकानाकडे ओरडले, “गूळ द्या! कोणी तरी गूळ द्या हो!” रामलालनं तिथूनच हात जोडले. छबू माझ्या मांडीवर सैल पडली होती, डोळे उघडे पण माझ्यावर नाहीत. भोवती तीसेक माणसं, आणि प्रत्येकाला, दीड वर्षात पहिल्यांदाच, माझं म्हणणं पटलेलं! एकही जण तिला गोड देईना.

मग कांचोळीचे आरसे वाजले आणि गर्दी फाटली.

“हटा! लेकरू चाललं अन् काय वाचून राह्यले?”

लालीबाईला वाचता येत नाही. तिनं गुडघा टेकला, बोट बाटलीत बुडवलं आणि छबूच्या गालाच्या आत फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. मी डोकं धरून होते. नंदाबाई काही म्हणायला गेल्या, तर लालीबाईनं नुसतं पाहिलं. छबूनं गिळलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आधी तिची बोटं थांबली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, खरंच माझ्याकडे, आणि म्हणाली, “अजून.”

मी रडले नाही. रडायचं नंतर, घरी, हंडा घासताना. तिथे मी उभी राहिले आणि नंदाबाईंकडे वळले. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण लालीबाई बाटलीला बूच लावत गर्दीला उद्देशून म्हणाली, “मी बाईले साल झालं सांगून राह्यली. मधूचा मेह हाये, मध द्या. बाई दार लावे.” आणि गर्दीनं माझ्याकडे पाहिलं.

तर्कशास्त्राची बी. ए. मी तिथे उभी होते. तिचं गृहीतक चूक, अनुमान चूक, आणि निष्कर्ष माझ्या कडेवर बसून बोटं चाटत होता.

“हो का,” मी म्हटलं.

हरिसिंगांनी त्याच दिवशी अर्ज निकालात काढला. शेरा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे: ‘रोगी समक्ष पाहिला. मध चालतो असे सर्वांसमक्ष दिसून आले. सबब साखरेची मागणी नामंजूर.’ रजिस्टरच्या त्या पानाला, म्हणतात, अजून मुंग्या येतात. येवोत.

घरी आल्यावर मी पाटी तोडून उकिरड्यावर फेकली. तिच्या जागी आता छबूच्या गळ्यात मधाची छोटी बाटली असते. गल्लीतल्या एकेका घरी जाऊन मी दुसरी सूचना सांगून आले. लोकांना ती लगेच पटली, कारण त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. फक्त उलटी पटली. आता मधाचं बोट घेऊन सगळी गल्ली छबूच्या मागे असते, आणि नळी पुन्हा विटकरी होते. नंदाबाई खिडकीतून म्हणतात, “जराक मध वाढवा.”

मागच्या बाजारी मी लालीबाईकडे मध घ्यायला गेले. तिच्या टोपलीला एक पाटी टेकवलेली होती. उकिरड्यावरचा पत्रा ओळखीचा होता, फक्त उलटून पुन्हा रंगवलेला. अक्षर गनीभाईंचं. ‘मधुमेहावर मध’. खाली, जागा उरली असणार, ‘हुकुमावरून’.

पाटीसमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धरमसिंग म्हणून, आर्णीकडून आलेले. पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. ते लालीबाईला सांगत होते, तीन वर्षांपासून साखरेचा त्रास आहे, जखम भरत नाही. आणि दोन बाटल्या हातात घेऊन उजेडात धरत होते.

मला काय झालं कोण जाणे. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून बाटली ओढली. “बाबा, हे घेऊ नका! मध म्हणजे साखरच. तुम्हाला विष आहे हे. यवतमाळला जा, लघवी तपासून घ्या, आठ थेंब घेतात, निळं राहिलं तर...”

म्हाताऱ्यानं मान वर केली. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे, मग पाटीकडे शांतपणे पाहिलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमाले इचारलं कोनं?”

माझं वाक्य. दीड वर्ष जपलेलं. किती सहज म्हटलं त्यांनी!

“कोणीच नाही,” मी म्हटलं. आणि बाटली न देता, पदर खोचून, त्यांच्या शेजारी धुळीत बसले. आणि पहिल्यापासून सांगायला लागले.